अफवा पसरवणाऱ्यावर केस करायची असेल, तर आधी त्यांचे नेमके शब्द लिहून काढा

प्रश्न असा आला आहे: “आम्ही बोरिवली पूर्वेला, मागाठाण्यात राहतो. आई गेली ११ वर्षं घरून पोळीभाजीचे डबे देते. तीन महिन्यांपासून शेजारच्या विंगमधल्या एक काकू सगळ्यांना सांगत फिरतायत की आईच्या डब्यामुळे दोन मुलांना विषबाधा झाली, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. असं काहीही झालेलं नाही. त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस मेसेजही टाकला. २८ पैकी ११ डबे बंद झाले. आई रात्र रात्र झोपत नाही. पोलिसांकडे गेलो तर त्यांनी एनसी घेतली आणि ‘कोर्टात जा’ म्हणाले. भाऊ म्हणतो ५० लाखांचा दावा ठोकू. काय करावं?”

केस होऊ शकते. पण ती तुमची नाही आणि तुमच्या भावाचीही नाही, ती आईंची आहे. अब्रू ज्यांची गेली त्यांनीच फिर्याद द्यायची असते. आजारी, अल्पवयीन किंवा असमर्थ व्यक्तीच्या वतीने दुसरा कोणी न्यायालयाच्या परवानगीने तक्रार करू शकतो, पण रोज पहाटे उठून २८ डबे भरणाऱ्या बाईंना असमर्थ कोण म्हणणार? कोर्टात शपथेवर बोलायला आणि उलटतपासणीला त्यांनाच उभं राहावं लागेल. त्यामुळे भावाशी बोलण्याआधी आईंशी बोला.

पोलिसांचा राग धरू नका. या प्रश्नापुरतं त्यांनी बरोबर सांगितलं. बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ आणि ५०० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, अटक तर दूरच. मात्र एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या त्या नोंदीची, प्रत काढून एकदा नीट वाचा. घाईत लिहिलेल्या कितीतरी एनसींमध्ये मला एकच ठरावीक वाक्य दिसतं, ‘शिवीगाळ करून दमदाटी केली’. विषबाधेचा शब्दच नसतो. मग वर्षभराने समोरचा वकील विचारतो, “हे तेव्हा का नाही सांगितलं?” तुमच्या एनसीतही तसंच असेल, तर घडलेलं जसंच्या तसं लिहून अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोलीस ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्या.

शब्दांवर एवढा जोर देण्याचं कारण आहे. मी २७ वर्षं मुंबईच्या कोर्टांत काम करते आहे, आणि बदनामीच्या ज्या केस हरताना पाहिल्या त्यातल्या बहुतेकांमध्ये माणूस खरा होता, त्याचा त्रास खरा होता, फक्त शब्द सापडत नव्हते. “ती माझ्याबद्दल काहीबाही बोलते” यावर कोर्ट काही करू शकत नाही. आईंची झोप उडाली आहे हे मला समजतं, न्यायाधीशांनाही समजेल, पण निकाल त्यावर लागत नाही. कोर्ट विचारतं ते असं: नेमकं काय बोललं गेलं, कोण बोललं, कोणासमोर बोललं, कधी बोललं. ‘कोणासमोर’ हे विसरू नका. काकू फक्त आईंच्या तोंडावर काही बोलल्या असतील, तर तो अपमान होईल, बदनामी नाही. तिसऱ्या माणसाच्या कानावर गेल्याशिवाय बदनामी होत नाही.

मराठीत तर एका क्रियापदाने केस फिरते. “त्यांचा डबा मला बाधला” असं कोणी म्हणालं, तर तो तिचा स्वतःचा अनुभव. तसं बोलायचा तिला हक्क आहे आणि त्यावर मी नोटीससुद्धा काढणार नाही. “त्यांची भाजी फार तेलकट असते, मला आवडत नाही” हे मत. पण “त्यांच्या डब्याने दोन पोरांना विषबाधा झाली, ॲडमिट करावं लागलं” हे घडलेल्या गोष्टीचं विधान आहे. ते खरं तरी असेल किंवा खोटं तरी, आणि ते आईंच्या धंद्यावरच घाव घालतं. म्हणून व्हॉइस मेसेज शांतपणे चार वेळा ऐका आणि अक्षर न अक्षर उतरवून काढा, ‘म्हणे’, ‘ऐकलंय’, ‘असं म्हणतात’ यांच्यासकट. मजकूर सुधारू नका, सौम्य करू नका, तिखटही करू नका. पुढे सिटी सिव्हिल कोर्टात गेलात तर तिथे काम इंग्रजीत चालतं. तेव्हा मूळ मराठी शब्द आणि त्यांचं भाषांतर दोन्ही द्यावं लागतं, आणि भाषांतरात ‘बाधला’चा ‘विषबाधा’ झाला तर समोरचे तो मुद्दा सोडत नाहीत.

“मी फक्त ऐकलेलं सांगितलं” हा बचाव तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल. तो तेवढ्याने टिकत नाही. ऐकीव गोष्ट पुढे सांगणं म्हणजेही ती प्रसिद्ध करणंच. हे मुंबईला नवं नाही. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्धची पत्रं टिळक आणि आगरकरांना दुसऱ्यांनी आणून दिली होती. त्यांनी ती खरी समजून छापली, पुढे ती बनावट निघाली. हेतू सार्वजनिक होता, माफीही मागितली होती, तरी १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. कायदा ‘सद्भाव’ मानतो, पण त्याच्या व्याख्येत पुरेशी काळजी आणि सावधपणा येतो. दोन मुलांची नावं ठाऊक नाहीत, हॉस्पिटल ठाऊक नाही, आईंना एक फोन केलेला नाही, आणि ग्रुपवर मेसेज टाकला. याला काळजी घेणं म्हणत नाहीत.

आता एक अवघड प्रश्न. माझ्याकडे आलात तर मी तो आईंना एकटीला बसवून विचारेन: गेल्या सहा महिन्यांत डबा खाऊन कोणाचं पोट बिघडल्याचा फोन आला होता का? एकदाही? आला असेल तर मला आज कळू द्या, उलटतपासणीत नको. दिवाणी दाव्यात विधान खरं ठरलं की दावा संपला. फौजदारीत सत्याबरोबर ते सांगण्यात लोकांचं हित होतं हेही दाखवावं लागतं, पण खाण्याच्या बाबतीत लोकहित दाखवायला काय अवघड? कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत. त्यातला एक, दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या हितासाठी सद्भावाने सांगितलेल्या गोष्टीचा, काकूंचा वकील सगळ्यात आधी वापरेल. समजा काकूंच्या नातवाला खरोखर उलट्या झाल्या, डॉक्टरांनी ‘बाहेरचं काय खाल्लं’ विचारलं आणि त्यांनी शेजारच्या दोघींना सावध केलं, तर ते वेगळं प्रकरण आहे. तसंच, त्यांनी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली असती, तर अधिकार असलेल्या ठिकाणी सद्भावाने केलेली तक्रार म्हणून तिला संरक्षण मिळालं असतं. तुमच्या बाजूची गोष्ट अशी की त्या तक्रारीला कुठेही गेल्या नाहीत. फक्त जिन्यात आणि ग्रुपवर बोलल्या. हे मी नोटिशीत ठळक लिहीन.

त्याच ओघात, आईंची अन्न व्यवसायाची नोंदणी आहे का? घरून डबे दिले तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. नसेल तर आधी ती करून घ्या. तिच्यावाचून बदनामीची केस पडत नाही, पण साक्षीच्या पिंजऱ्यात “बाई, तुमच्याकडे परवाना आहे का?” हा पहिला प्रश्न आला आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढचा अर्धा तास आईंचं मनोधैर्य टिकत नाही.

पुराव्याबद्दल सविस्तर सांगते, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त गमावतात. ज्या फोनवर तो व्हॉइस मेसेज आला तो फोन विकू नका, रिसेट करू नका, ‘एक्सचेंज’मध्ये देऊ नका. मेसेज दुसऱ्याला फॉरवर्ड करून जुना डिलीट करणं ही फार नेहमीची चूक आहे. फॉरवर्ड केलेल्यात मूळ पाठवणारा, तारीख, वेळ काहीच उरत नाही. ग्रुपचं नाव, काकूंचा नंबर, मेसेजची वेळ आणि खाली आलेली उत्तरं एका ओघात दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात हेच कलम ६५-ब होतं. जालना विधानसभा निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात २०२० साली ठरलं की मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं नाही तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. नव्या नमुन्यात दोन भाग असतात, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक, तीही लिहावी लागते. वकील हे करून देतील, पण हातात मूळ फोन असला तरच.

तोंडी बोलल्याचं काय? तिथे ऐकणारा माणूस लागतो. ‘सगळी सोसायटी’ साक्षीला येत नसते. तुम्हाला दोन-तीन माणसं पुरेत, ज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि जी ते कोर्टात सांगतील. खरं सांगते, इथे निराशा होते. जिन्यात हळहळणारी माणसं समन्स म्हटलं की “आम्हाला मध्ये घेऊ नका” म्हणतात. त्यांना दोष देऊ नका, त्यांना त्याच इमारतीत राहायचं असतं. म्हणून ज्या ११ जणांनी डबा बंद केला, त्यांचे जुने मेसेज शोधा. “मावशी, मुलांचं तसं ऐकलं म्हणून सध्या डबा थांबवतो” असा एकच मेसेज कोणाचा असेल, तर तो माझ्या दृष्टीने दहा हळहळणाऱ्यांपेक्षा मोलाचा. त्यात अफवा, ती पोचल्याचा पुरावा आणि नुकसान तिन्ही एका ओळीत आहेत.

मग आईंची डब्यांची वही. प्रत्येक गिऱ्हाईक कधीपासून, दर किती, शेवटचा डबा कधी, पैसे गुगल पेने की रोख. भावाच्या ५० लाखांचं उत्तर या वहीत आहे. डबा ९० रुपयांचा आणि महिन्याला २६ दिवस धरले, तर ११ डब्यांचे २५,७४० रुपये होतात. त्यातून भाजी, गॅस, तेल, पोचवणाऱ्याचे पैसे वजा करा. उरेल ते महिन्याचं खरं नुकसान. अब्रूची भरपाई त्यावर वेगळी मागता येते आणि मागावीच, ११ वर्षांचं नाव ही लहान गोष्ट नाही. पण दिवाणी दाव्यात मागाल त्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरावी लागते, आणि आकडा वहीशी जुळत नसेल तर न्यायाधीशांना सूडाचा वास येतो. मोठी रक्कम आपली बाजू मोठी करत नाही. याच शहरात १८६१ साली ‘सत्यप्रकाश’ या गुजराती वृत्तपत्राचे करसनदास मुळजी यांच्यावर एका वैष्णव महाराजांनी, आपल्या वागणुकीवर टीका छापली म्हणून, ५०,००० रुपयांचा दावा लावला होता, त्या काळी केवढी रक्कम! डॉ. भाऊ दाजींसारख्यांच्या साक्षी झाल्या, छापलेलं खरं ठरलं आणि महाराज हरले. कागदावरच्या आकड्याचा त्यांना काही उपयोग झाला नाही.

आता मार्ग. फौजदारी तक्रार तुमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे बोरिवलीच्या कोर्टात. आईंचा शपथेवर जबाब होतो, साक्षीदार असतील तर त्यांचाही. फौजदारी कामाची पद्धत ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एक बदल झाला आहे: दंडाधिकाऱ्यांना तक्रारीची दखल घेण्याआधी समोरच्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. त्यामुळे पूर्वीसारखं एकदम समन्स जाऊन धडकत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. गुन्हा जामीनपात्र आहे आणि तडजोडीने मिटवता येतो. बदनामीला तुरुंग असावा का यावर वाद झाला, पण २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं. मुदत तीन वर्षं. दिवाणी दावा मुंबई सिटी सिव्हिल कोर्टात, तुमच्या भागासाठी दिंडोशीला. त्याची मुदत फक्त एक वर्ष. फौजदारीचं ऐकून “तीन वर्षं आहेत” म्हणत बसलेले आणि भरपाईचा हक्क घालवलेले लोक मी पाहिले आहेत. व्हॉइस मेसेज ज्या तारखेचा, तिथपासून ते वर्ष मोजायचं. एनसीने किंवा नोटिशीने ते थांबत नाही.

दोन्ही एकाच वेळी करता येतं. मी तुमच्या जागी असते तर आधी नोटीस काढली असती. कायद्याने ती सक्तीची नाही, पण अशा शेजारच्या भांडणांत माझी बरीच प्रकरणं नोटिशीवरच मिटली आहेत. नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवायची. तिच्यात त्यांचे शब्द अवतरणात, तारीख, वेळ, ग्रुपचं नाव, आणि मागणी स्पष्ट: बोलणं ताबडतोब बंद, १५ दिवसांत त्याच ग्रुपवर मागे घेतल्याचा लेखी मेसेज, आणि अमुक नुकसानभरपाई. माफीचा मजकूर आपणच सोबत जोडायचा. “कोणाला वाईट वाटलं असेल तर सॉरी” ही माफी नव्हे. “डब्यामुळे मुलांना विषबाधा झाली हे मी खात्री न करता सांगितलं, ते खरं नाही” असं वाक्य हवं. आईंना बंद झालेले डबे परत हवे असतील, तर ते त्या वाक्याने येतील, निकालाने नाही. निकालाला वर्षं लागतात. ‘आधी बोलणं थांबवा’ असा तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो, पण समोरचा “मी खरं असल्याचं सिद्ध करतो” म्हणाला की कोर्ट तो देताना हात आखडता घेतं. त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

नोटीस गेली की तिचा फोटो ग्रुपवर टाकू नका, ‘खोटारडी बाई’ वगैरे लिहू नका. भावाला हे दोनदा सांगा. त्याच्या एका ओळीवर काकूंची उलट तक्रार उभी राहते, मग दोन्ही केस एकमेकींच्या बदल्यात मागे घेण्याची बोलणी सुरू होतात आणि आईंच्या हाती काही लागत नाही. सेक्रेटरींनाही केसमध्ये ओढू नका. ग्रुपमधल्या सदस्याच्या पोस्टबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. उलट ते तटस्थ राहिले तर मागे घेतल्याचा मेसेज ग्रुपवर राहील याची काळजी तेच घेऊ शकतील. कोणी ‘आयटी ॲक्टचं ६६-अ लावू’ म्हणालं तर त्याच्या नादी लागू नका. पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून २०१२ साली अटक झाली, त्यातून देशभर वाद उठला, आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं.

अफवा पुढे आईंच्या चारित्र्यावर गेली, धमकी आली किंवा जातीवरून काही बोललं गेलं, तर मात्र वेगळी कलमं लागू शकतात, त्यातली काही दखलपात्र आहेत, आणि पोलिसांना तिथे एनसीवर थांबता येत नाही. तसं झालं तर त्याच दिवशी जा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून आईंना मोफत वकील मिळू शकतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

या आठवड्यात एवढं करा. मेसेजची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि तिच्यापुढे एक वर्षाची तारीखही. व्हॉइस मेसेज उतरवून काढा. त्या ११ जणांचे मेसेज शोधा. आईंना विचारा त्यांना काय हवं आहे: काकूंनी गप्प बसावं, ग्रुपवर मागे घ्यावं, की शिक्षा व्हावी. उत्तर काहीही असलं तरी चालेल, पण ते त्यांचं असावं, कारण तारखांना दिंडोशीला किंवा बोरिवलीला त्यांना जायचं आहे, आणि त्या दिवशीचे डबे कोण करणार हेही घरात ठरवावं लागेल. वकिलाकडे जाल तेव्हा आईंना बरोबर न्या, मूळ फोन न्या आणि डब्यांची वही न्या, ११ वर्षांची असेल तेवढी सगळी.